अवो म्हटलं की कोण येतं

आमच्या कुत्र्याला नाव होतं, पण त्या नावाला तो कधी आला नाही, त्यामुळं ते इथं सांगून काही उपयोग नाही. अंगानं काळा, पायाची बोटं पांढरी, एक कान उभा आणि एक पडलेला. गावठीच. राहुरीच्या अलीकडं कालव्याच्या कडेला आमची वस्ती आहे. तिथं तो पिल्लू असताना उसाच्या ट्रॅक्टरमागं चालत आला आणि राहिला तो राहिलाच. मोकळाच वाढला. साखळी होती, पण ती बहुतेक वेळ जांभळीच्या बुंध्याला नुसती पडलेली असायची. मी गवत कापायला गेले की हा बांधावर, मी धारा काढायला बसले की हा गोठ्याच्या दारात. मला तो फार म्हणजे फारच आवडायचा. लोक म्हणतात, कुत्र्यात एवढं काय असतं? म्हणू देत.

खोड एकच होती. सुटला की सुटला. बगळे दिसले, मुंगूस दिसलं, की हा वाऱ्यावर. मग तुम्ही घसा फोडा नाहीतर ऊर बडवा, मागं वळून बघायचा नाही. मनासारखं पळून झालं की तासाभरानं चिखलानं माखून यायचा आणि असं बघायचा, जसं काही मीच उशीर केलाय.

हे सगळं आम्ही चालवून घेतलं असतं. पण गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात मेंढरं आली.

कांदा काढून रान मोकळं झालं की दरवर्षी एक मेंढपाळ बाबा आपला कळप आमच्या रानात बसवतात. मेंढरं काही दिवस रानात बसली की लेंड्यांचं असं खत पडतं, की पुढचं पीक नुसतं बघत राहावं. आमच्या यजमानांना तर त्या खताचं वेडच. यजमान हा शब्द मी लिहिताना वापरतेय, बोलताना मी त्यांना "हे"च म्हणते, तेव्हा इथंही तसंच म्हणते. तर त्या साली कळप रानात उतरला आणि आमचं ध्यान त्यात घुसलं. चावला नाही कुणाला. नुसता पळवत सुटला, त्याला तो खेळ वाटला असणार. पण एक गाभण मेंढी पळता पळता पाण्याच्या चारीत पडली आणि तिच्या पोटातलं पिल्लू गेलं.

मला वाटलं, बाबा आता घरादाराचा उद्धार करतील. ते काहीच बोलले नाहीत. मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत बसले, आणि मला तेच जास्त लागलं. जाताना यांना एवढंच म्हणाले, "पुढल्या टायमाला कुत्रं सुटं आसल तर मी दुसरं रान बघीन, दादा."

त्याच संध्याकाळी हे म्हणाले, "कोपरगावकडं माझ्या मावसभावाचं कोंबड्यांचं शेड हाय. त्याला दाराशी बांधायला कुत्रं पायजेच हाय. देऊन टाकू."

ते शेड मी बघितलं होतं. तिथं आधीचं कुत्रं जिथं बांधलेलं असायचं तिथं जमिनीवर एक गोल पडला होता, साखळीच्या लांबीचा. गोलाच्या आत गवताची काडी नाही आणि बाहेर सगळं हिरवंगार. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी म्हणाले, "पुढच्या वेळी मेंढरं येतील तवा मी त्याला तुमच्या डोळ्यांदेखत मोकळा सोडीन आन हाक मारीन. मागं आला न्हाई तर खुशाल पाठवा. पन आला, तर पुन्हा त्या शेडचं नाव काढायचं न्हाई."

"येतोय," हे म्हणाले. म्हणजे, कसला येतोय. त्या एका शब्दानं मी अशी पेटले की विचारू नका.

आमची लेक पुण्याला नोकरी करते. तिनं मोबाईलवर व्हिडिओ पाठवले. त्यात हिरव्यागार लॉनवर अर्धी चड्डी घातलेला एक माणूस कुत्र्याला बोलावतो आणि ते बाणासारखं येतं. लॉन आमच्याकडं कुठलं आलंय. पण मुद्दे मी उचलले. हाक एकदाच मारायची. आला की काहीतरी झक्कास खायला द्यायचं. आणि आल्यावर, कितीही उशिरा आला तरी, रागवायचं नाही. पहिले दोन जमण्यासारखे होते. तिसरा माझ्या स्वभावाला कठीण होता.

झक्कास खायला म्हणून मी आठवडी बाजारातून सुके बोंबील आणले. भाजून बारीक तुकडे केले. रानात काम करताना आम्ही बायका साडीवरून नवऱ्याचा जुना शर्ट घालतो, त्या शर्टाच्या खिशात तुकडे भरून ठेवले. सासूबाई म्हणाल्या, "सून हाय का मासळीबाजार?" मी म्हणाले, "दोन्ही."

पहिल्या दिवशी बांधावर उभी राहिले आणि त्याला त्याच्या नावानं हाक मारली. त्यानं कान पाडले, शेपूट पायात घातली आणि गोठ्याच्या मागं गेला. मला कळेना. मग दुपारभर डोकं खाजवलं आणि उजेड पडला. आम्ही त्याला नावानं बोलवायचो कधी? पाहुणे आले, गाईला बघायला डॉक्टर आले, म्हणजे बांधून घालायचं असलं की. एरवी तो होताच आसपास, बोलवायची गरजच काय. त्याच्या लेखी त्या नावाचा अर्थ साखळी. त्या नावाला तो यावा तरी का? नावच नासून गेलं होतं.

मग मी "यू यू यू" करून बघितलं. आमच्याकडं सगळेच कुत्र्याला असं बोलावतात, आणि तीच तर गोम. माझा आवाज मुळात खणखणीत. हाक गेली आणि शेजारच्या वस्तीवरची, त्याच्या पलीकडच्या वस्तीवरची, कालव्यावरची, सगळी कुत्री शेपट्या हलवत हजर. मला गराडा पडला. आमचा पठ्ठ्या सगळ्यांच्या मागं लांब बसून ही जत्रा बघत होता. खिसा रिकामा होईपर्यंत एकही कुत्रं हललं नाही. हे मोटरच्या पेटीपाशी उभे होते, ते हसता हसता खाली बसले.

मी हट्टाला पेटलेली बाई, मी नव्या नव्या हाका शोधल्या. शिट्टी मला वाजत नाही. टाळ्या वाजवल्या तर तो समजला बगळे हाकलायचेत, आणि गेला बगळ्यांमागं. दिवाळी होऊन गेली, ऊसतोड सुरू झाली, तरी माझी गाडी हलेना. हे काही बोलायचे नाहीत, पण फोनवर मावसभावाशी बोलताना जरा मोठ्यानं बोलायचे. मला ऐकू जावं म्हणून.

आणि मग एका दुपारी ते घडलं.

हे उसाच्या पलीकडं पाइप बघायला गेले होते. कुत्रा खालच्या गव्हात, ओल्या वाफ्यांतून बगळ्यांच्या मागं बेभान पळत होता. मी त्याचा नाद सोडून दिला होता. जेवायची वेळ झाली म्हणून भाकरीचं फडकं घेऊन लिंबाखाली गेले आणि रोजच्यासारखी यांना हाक मारली.

ती हाक कशी, ते सांगायला पाहिजे. आमच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. "अवो" म्हणायचं. घरात हळू, रानात मोठ्यानं. आमचं रान लांबट आहे, त्यामुळं माझ्या "अवो"तला "वो" पार कालव्यापर्यंत लांबत जायचा आणि शेवटी एक "या" तोडून टाकायचा. अवोऽऽऽ, या.

हाक मारली मात्र, खालच्या गव्हात पळता पळता कुत्र्यानं जागच्या जागी असा ब्रेक मारला की चिखल उडाला. वळला, आणि कान मागं टाकून जो निघाला तो दोन पाट ओलांडून, बांध टाकून, माझ्या पुढ्यात येऊन बसला. बगळे तिकडं निवांत उतरले. हे अजून उसाच्या आडून बाहेरसुद्धा आले नव्हते.

मी फडकं हातात धरून तशीच उभी. अगं बाई, हा तर येतोय.

मग सगळं लख्ख दिसलं. इतकी वर्षं दुपारी ही हाक झाली की हे यायचे, यांच्या मागं तो यायचा, आणि यांच्या ताटातला भाकरीचा चतकोर त्याला मिळायचा. या हाकेनं त्याला कधी साखळी लागली नव्हती, कधी शिवी मिळाली नव्हती. मी त्याला रोज शिकवतच होते, फक्त मला माहीत नव्हतं. खिशातले सगळे बोंबील मी त्याच्यापुढं ओतले. हे आले, म्हणाले, "काय गं, काय झालं?"

"तुमी न्हाई," मी म्हणाले. "तो आला. अवो म्हनल्यावर तो आला."

हे म्हणाले, "मंजी मला आन कुत्र्याला एकच हाक?"

"तुमाला त्याचा त्रास काय?"

"लोक हसत्याल."

लोक हसलेच. शेजारच्या वस्तीवरचे भाऊजी बांधावरून विचारायला लागले, "वहिनी, आता कोनाला बोलावताय, दादाला का कुत्र्याला?" मी म्हणायचे, "जो आधी येईल त्याला." एकदा हाती धागा लागल्यावर मला कुणाची फिकीर नव्हती. त्या दिवसांत मी पहाटे उठायचे तीच उत्साहात. आज कुठून बोलवायचं, किती लांबून बोलवायचं, हेच डोक्यात.

दुसऱ्याच दिवशी सकाळी गोठ्यापाशी उभी राहून "अवो" म्हटलं तर कुत्र्यानं नुसती मान वर केली आणि परत खाली टाकली. त्याच्या हिशेबानं ही काही जेवायची वेळ नव्हती. लिंबाखाली, दुपारी, फडकं हातात, असा सगळा थाट असला तरच ती हाक खरी. म्हणजे अर्धं काम अजून बाकीच होतं. मग मी त्याच्या गळ्यात एक लांब नायलॉनची दोरी बांधली, मागं फरफटत राहील अशी. हाक मारायची आणि नाही आला तर दोरीचं टोक हळूच ओढायचं, आला की बोंबील. सकाळी, दुपारी, दिवे लागायच्या आत. गोठ्यातून, बोरवेलपाशी, ट्रॉलीवर चढून, छत्री उघडून, खाली बसून, पाठमोरी उभी राहून. सासूबाई ओट्यावर बसून बघायच्या. म्हणाल्या, "पोरगी खुळी झाली," आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच बोंबील भाजून ठेवले.

तो यायला लागला. पहिल्यांदा चालत, मग पळत, मग अक्षरशः उधळत. दोरी मी कापत गेले. शेवटी गळ्याशी वीतभर तुकडा राहिला, मग तोही काढला. एकदा तो खूप उशिरा आला आणि आला तो भाऊजींची नवी चप्पल तोंडात धरून. माझा हात वर गेला होता. तो तसाच खिशात घातला आणि दात ओठ खात बोंबील दिला.

पण एक भानगड झाली, जी व्हिडिओतल्या त्या माणसाला कधी झाली नसणार. मी "अवो" म्हणायचे तेव्हा कुत्रा यायचा, तसे हेही यायचे. बिचारे सवयीनं. पहिल्या दिवशी दारं धरायचं सोडून, म्हणजे वाफ्यात पाणी वळवायचं सोडून, पार खालच्या टोकाहून चालत आले. "काय?" "तुमी न्हाई, तो." परत गेले तर मागं पाट फुटून पाणी भलतीकडंच गेलेलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्यांदा आले तेव्हा फावडं टाकून म्हणाले, "तुझ्या कुत्र्याच्या पायी माझं पायताण झिजलं. त्याला बोंबील तरी मिळतोय, मला काय मिळतंय?"

"तुमाला पन देऊ का एक तुकडा?"

हसायचं नव्हतं त्यांना, पण हसू फुटलं. तुकडा घेतला आणि खाल्लासुद्धा.

त्यानंतर मात्र ते यायचे बंद झाले. हाक गेली की कंबर सरळ करायचे, बघायचे, परत वाकायचे. खरं जेवायला बोलावलं तरी तेच. भाकरी गार व्हायची आणि मला पार उसापर्यंत जाऊन हाताला धरून आणायला लागायचं. कुत्रा जसा पक्का होत गेला, तसा नवरा कच्चा होत गेला. मी म्हणायचे, जाऊ दे, मेंढरं येईपर्यंत एवढं सोसायचं.

एके दिवशी मात्र माझी खात्री पटली. मुंगसाच्या मागं तो कालव्याच्या रस्त्याकडं सुटला होता, आणि रस्त्यानं उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर येत होता, गाणी एवढी मोठ्यानं लावलेली की ड्रायव्हरला काही ऐकू जायची सोय नाही. मी गवताचा भारा डोक्यावरून टाकला आणि हाक मारली. तो रस्त्याच्या कडेच्या गवतात शिरला होता. तिथून वळला. ट्रॅक्टर धूळ उडवत निघून गेला आणि त्या धुळीतून हा पळत येताना दिसला. मी वाफ्यातच बसले, त्याला मिठी मारली आणि हसायला लागले. रडतही होते बहुतेक. आनंद असा की कुणाला सांगू आणि कुणाला नको. सांगायला जवळ कोणी नव्हतं, म्हणून तिथूनच लेकीला फोन लावला.

शेवटी शेवटी शेजारच्या शेळ्यांपाशी सराव केला. भाऊजींच्या घरच्या जाऊबाई शेळ्या धरून उभ्या राहायच्या, मी लांबून हाक मारायचे. शेळ्यांचं ठीक होतं. पण शेळ्या धरलेल्या होत्या, पळत नव्हत्या. पळणारं मेंढरू समोर आल्यावर हा काय करील, ते तिथं कळायला मार्ग नव्हता. ती धाकधूक मनात राहिलीच.

कांदा निघाला. रान मोकळं झालं. एका सकाळी कालव्याच्या बाजूनं कळपाचा आवाज आला आणि मी आधी कुत्र्याला साखळी लावली. मेंढरं, त्यांच्या मागं सामान लादलेलं घोडं, बायका, कोंबड्यांची टोपली. बाबा पुढं आले, जांभळीखाली साखळीला बांधलेल्या आमच्या कुत्र्याकडं बघितलं आणि थांबले. "हायच का आजून हे?"

मी म्हणाले, "बाबा, तुमचं नुकसान झालंय ते मी इसरले न्हाई. पन मेंढरं उतरवायच्या आदी एकदा बघा. मी त्याला सोडते आन बोलावते. न्हाई आला तर आजच्या आज तो कोपरगावला जाईल."

ते लगेच हो म्हणाले नाहीत. त्यांचं खरं होतं, जीव त्यांच्या मेंढरांचा होता. मग कळप रानाच्या पार खालच्या टोकाला नेला आणि स्वतः काठी घेऊन मधे उभे राहिले. "काठीच्या अंगाला आला तर मी हानीन, बाई. आदीच सांगतो."

"हाना," मी म्हणाले. काय म्हणणार?

यांनी साखळी सोडली आणि ती हातात धरूनच उभे राहिले. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. सासूबाई ओट्यावरून उठून अंगणाच्या कडेला आल्या. मी कुत्र्याला घेऊन रानात चालायला लागले. तो माझ्या पायाशी चालत होता, एवढा शहाण्यासारखा की मला बरं वाटायला लागलं. तेवढ्यात खालून वारा आला. त्याचं नाक वर गेलं. कळपातलं एक कोकरू उगाचच उडी मारून बाजूला पळालं, आणि हा गेला.

जमिनीला पोट घासेल असा गेला. मी त्याला इतकं जोरात पळताना कधी बघितलं नव्हतं. लगेच हाक मारायची का थांबायचं, काही सुचेना. बाबांची काठी वर गेलेली दिसली. मी तोंड उघडलं, "अवो" म्हटलं. "वो" कुठं लांबायला, मधेच चिरकला. हा थांबला नाही. माझ्या डोळ्यांपुढं त्या शेडपाशी पडलेला तो गोल आला. हाक एकदाच, दुसरी मारायची नाही, हे मीच ठरवलं होतं. पण अजून "या" उरला होता. मी पोटातून सगळा जीव गोळा केला आणि "या" म्हणाले.

त्यानं पाय रोवले. काठीपासून फार लांब नव्हता. एकदा मेंढरांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग वळला.

आला. मोकळ्या रानातनं धुळीची रेघ ओढत सरळ माझ्याकडं आला, मला धडकला, आणि मी खाली पडले. पडल्या पडल्याच त्याला सगळा खिसा दिला. मी काय काय बोलत होते कुणास ठाऊक. माझा राजा, माझा वाघ, असलं काहीबाही. एवढी खूश मी माझ्या लग्नातसुद्धा नव्हते.

बाबांनी काठी खाली केली. शाबासकी वगैरे काही नाही. म्हणाले, "पुन्यांदा करा."

पुन्हा केलं. मग जरा जवळून केलं. मग त्यांनी एका बाईला कळप मुद्दाम हलवायला लावला आणि तसंही केलं. प्रत्येक वेळी तो वळला, आणि शेवटी शेवटी तर त्याला मेंढरांपेक्षा माझ्या खिशाचीच ओढ जास्त दिसायला लागली. बाबा थोडा वेळ काठीवर रेलून बघत राहिले. मग आपल्या माणसांना म्हणाले, "उतरवा रं मेंढरं."

माझा जीव भांड्यात पडला. यांनी साखळी खांद्यावर टाकली, खिशातून मोबाईल काढला आणि तिथंच फोन लावला. "आरं, कुत्रं न्हाई मिळायचं आता. तू दुसरं बघ. न्हाई न्हाई, आजारी न्हाई. ते येतंय बोलावल्यावर." हे शेवटचं वाक्य असं म्हणाले, जसं काही यांनीच शिकवलंय.

संध्याकाळी चहा पिताना सगळे गप्पा मारत होतो. मी तीच तीच गोष्ट परत परत सांगत होते आणि कुणी मला थांबवत नव्हतं. मधेच हे म्हणाले, "आता मला काय म्हननार तू?"

"मंजी?"

"ती हाक तर गेली. मेंढरं हायेत तवर तरी ती त्याचीच ठेवायला पायजे. उगं मला बोलवायला मारलीस आन त्याला काय दिलं न्हाईस, तर सगळं मुसळ केरात."

बोलणं बरोबर होतं. आणि तसंही ते त्या हाकेला यायचे बंदच झाले होते. दुसरी हाक माझ्याकडं होती कुठं? लेकीचं नाव घेऊन "अमकीचे बाबा" म्हणावं, तर ते एवढं लांबलचक रानात पुरेल कसं.

सासूबाई पलीकडं लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नाव घे की त्याचं."

आम्ही दोघंही त्यांच्याकडं बघायला लागलो.

"मी न्हाई कदी घेतलं," त्या म्हणाल्या. "लई वाटायचं, एकदा तरी मोठ्यानं हाक मारावी. ऱ्हाऊन गेलं. घे तू."

मग परत लसूण सोलायला लागल्या. हे उठून गाईंना वैरण टाकायला गेले.

यांचं नाव मी घेतलं नव्हतं असं नाही. लग्नाकार्यात, हळदीकुंकवाला, बायकांच्या आग्रहाखातर उखाण्यात घेतलं होतं, लाजत, यमक जुळवून. पण नुसतं, मोकळं, उघड्या रानात कधीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी लिंबाखाली गेले. हे खालच्या टोकाला बाबांशी बोलत उभे होते, अवतीभोवती मेंढरं. कुत्रा माझ्या पायाशी पसरलेला. आजूबाजूला कुणी ऐकतंय का ते मी बघितलं. मग म्हटलं, आता आणि काय बघायचं. श्वास घेतला आणि हाक मारली. नुसतं नाव.

आवाज कालव्यापर्यंत गेला. बाबांनी वळून बघितलं. कुत्र्यानं एक डोळा उघडला आणि मिटला, ती हाक त्याची नव्हती. हे सरळ उभे राहिले, हलले नाहीत. मला वाटलं, यांना राग आला. मग निघाले. थोडं चालले, आणि मग पळायला लागले. या वयात, ढेकळांतून, धोतर सावरावं तसा लेंगा हातानं वर धरून, पळत आले.

आले तेव्हा दम लागला होता. "काय झालं?"

"काही न्हाई," मी म्हणाले. "जेवायला या."

त्यांनी तांब्या घेतला, हात धुतले, बराच वेळ धुतले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "उद्या पन आसंच बोलव."